शिबिरात शिनचॅन दाखवावा का? : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-२०३ : सप्रेम नमस्कार. शिबिराच्या शेवटच्या दिवशी क्लबहाउसमध्ये मुलांना शिनचॅन या जपानी कार्टूनचा चित्रपट दाखवणार असल्याचे सूचनाफलकावर वाचले. माझी याला हरकत आहे. आईला नावाने हाक मारणारा आणि पाहुण्यांसमोर चड्डी खाली ओढून नाचणारा मुलगा आपण स्वखर्चाने आदर्श म्हणून दाखवायचा का? हीच मालिका २००८ साली आपल्याकडे बंद झाली होती आणि नंतर काटछाट करूनच परत आली, हे समितीने विसरू नये.

सी-४०१ : काका, आपल्यासारखी तक्रार जपानमध्येही झाली. तिथल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत, मुलांना दाखवू नयेसे वाटणाऱ्या कार्यक्रमांत शिनचॅन कित्येक वर्षे अग्रभागी असे. परंतु योशितो उसुई यांनी १९९० साली ही चित्रकथा सुरू केली ती प्रौढांच्या साप्ताहिकात; दूरचित्रवाणीवर ती आली १९९२ मध्ये. त्यामुळे थट्टा होते ती मोठ्यांची. त्याची आई मिसाए, म्हणजे आपल्या हिंदीतली मित्सी, शेजारणीशी गोड आवाजात बोलत असते, आणि हा पाच वर्षांचा मुलगा मध्येच येऊन आईने लपवलेली खरेदी, तिचे वजन आणि तिने शेजारणीबद्दल काल काढलेले उद्गार असे सगळे जाहीर करून टाकतो. तो खोटे काहीच बोलत नाही, पंचाईत तिथेच आहे. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीवर बेतलेले सगळे वागणे एका वाक्यात उघडे पडते.

ए-२०३ : हे विवेचन आपल्याला कळते, पाच वर्षांच्या नातवाला फक्त नाच कळतो, आणि तो त्याने परवा लिफ्टमध्ये करून दाखवला.

बी-५०४ : आजोबा, लहानग्यांबाबतचे तुमचे म्हणणे मला पटते. पण निवडलेला चित्रपट २००१ सालचा, केइची हारा यांनी दिग्दर्शित केलेला आहे, आणि त्यात बिघडतात ती मोठी माणसे. एक संघटना जुन्या काळाचा वास हवेत सोडते आणि गावातले सगळे आईबाप, आपली मुले व नोकऱ्या टाकून, रांगेने विसाव्या शतकात परत जायला निघतात. शिनचॅनचे वडील हिरोशी मनाने लहान होऊन १९७० च्या ओसाकातील जागतिक प्रदर्शनात चंद्रावरचा दगड पाहण्यासाठी हट्ट करत बसतात. त्यांना शुद्धीवर आणायला शिनचॅन त्यांच्या नाकाला त्यांचाच बूट लावतो. इतकी वर्षे ज्या घाणेरड्या वासावर मालिकेने विनोद केले, त्याच वासासरशी त्यांना पहिली नोकरी, ग्राहकांपुढे घातलेली लोटांगणे, लग्न, मुलाचा जन्म आणि उन्हातली पायपीट असे सगळे आठवते, आणि ते हमसून रडू लागतात. सगळे एका दिशेने चालू लागलेले असताना, शिष्टाचार न शिकलेला मुलगाच वेगळा राहतो.

डी-१०२ : याला जोडून एक सांगावेसे वाटते. नव्वदच्या दशकात शिनचॅनचे हे नोहारा कुटुंब म्हणजे सर्वसामान्यपणाचा नमुना मानला जाई : कासुकाबेसारख्या उपनगरात घर, त्यावर ३२ वर्षांचे कर्ज, पस्तिशीचा नोकरदार नवरा आणि घर सांभाळणारी बायको. आज जपानमधले तरुण त्याच हिरोशीला यशस्वी पुरुष म्हणतात, कारण एका पगारात घर, गाडी आणि दोन मुले हे आता अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. त्या तरुणांवरचा विनोद पाहायचा असेल, तर २०१५ ची ‘ओसोमात्सु-सान’ ही मध्यरात्री लागणारी मालिका पाहावी. मुलांना मात्र मुळीच दाखवू नये. फुजिओ आकात्सुका यांच्या १९६२ च्या चित्रकथेत, एकाच चेहऱ्याची सहा भावंडे ओळखू येत नाहीत एवढीच गंमत होती. नव्या मालिकेत ती मोठी झाली आहेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, आणि सहाही जण बेकार आहेत. एका भागात आईवडील वेगळे व्हायचे ठरवतात, तेव्हा पोसण्यासाठी कोणाला सोबत न्यायचे हे ठरवायला आई रीतसर मुलाखती घेते, आणि नोकरीसाठी कधी धडपड न केलेली ही मुले पोसून घेण्यासाठी स्वतःचे गुण हिरिरीने मांडतात. एकसारखे काळे सूट घालून मुलाखतींना जाणाऱ्या तिथल्या पदवीधरांची ही जी खिल्ली आहे, ती मला चड्डीच्या विनोदांपेक्षा कितीतरी बोचरी वाटते. या मालिकेचा पहिला भाग, त्यातल्या विडंबनांमुळे, पुढे मागे घ्यावा लागला.

सचिव : सर्वांचे मत समजले. दहा वर्षांखालील मुलांसोबत पालकांनी बसावे, अशी सूचना मांडतो. काका, आपली संमती कळवावी.

ए-२०३ : संमती नाही. जुन्या काळात रमून घरदार विसरणाऱ्या माणसांची ही गोष्ट असेल, तर ती आधी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याला दाखवावी. क्लबहाउस बुधवारी संध्याकाळी रिकामे असते. मुलांचे त्यानंतर ठरवू.