शिक्षा किती द्यायची हे जजच्या मर्जीवर सोडावं का?

टेंभुर्णीकर:
आपल्याकडे गुन्हा सिद्ध झाला की पुढे शिक्षा किती द्यायची याला काही धरबंदच नाही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव घेतला तर जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि कमीत कमी काहीच नाही, नुसता दंड भरूनही सुटता यायचं. जुलै २०२४ ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, ते कलम १०६ झालं, दोनाची पाच वर्षं केली, आता कैद द्यावीच लागते म्हणे, पण किती ते कुठे लिहिलंय? कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं तरी ती कैदच धरतात. २००६ ची बांद्र्याची कार्टर रोडची केस आठवा, फुटपाथवर झोपलेली सात माणसं गाडीखाली मेली, खालच्या कोर्टाने दिले सहा महिने. लोकांनी बोंब मारल्यावर हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तीन वर्षं दिली, आणि २०१२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की हीसुद्धा फारच कमी आहे पण सरकारने शिक्षा वाढवायला अपील केलेलं नाही त्यामुळे आम्ही हात लावत नाही. पुरावा तोच, मेलेली माणसं तीच. फौजदारी न्याय सुधारायला नेमलेल्या मळिमठ समितीने २००३ ला सांगितलं की शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं करा, माधव मेनन समितीने २००८ ला परत तेच सांगितलं. इंग्लंडात २०१० पासून त्यासाठी वेगळी कौन्सिलच आहे. आपण एवढा अख्खा कायदा नव्याने लिहिला, त्यातही हे घातलं नाही. का?

तालुका_वकील:
टेंभुर्णीकर, उदाहरण चुकीचं घेतलंत. कार्टर रोडला हायकोर्टाने कलमच बदललं, ३०४ अ वरून ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, ज्याला दहा वर्षांपर्यंत आहे. तो शिक्षेतला फरक नाही, गुन्ह्यातला फरक आहे.
आता किमान शिक्षा बांधून दिली की काय होतं ते सांगतो, कारण मी ते बघतो. गांजाचं प्रकरण. २० किलोच्या वर गेलं की किमान दहा वर्षं आणि एक लाख दंड, प्रोबेशन म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटकाही नाही. पकडला कोण जातो? टेम्पोचा ड्रायव्हर किंवा पोती उतरवणारा, माल ज्याचा आहे तो कधीच सापडत नाही. जजला दिसत असतं समोर कोण उभा आहे, पण त्याचे हात बांधलेले. आणि खरी मेख वजनात आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या धरायच्या नाहीत. पंचनाम्यात मात्र पोतं आहे तसं काट्यावर ठेवतात, देठं, पानं, ओल सगळ्यासकट. १९ भरलं तर जज एका दिवसापासून दहा वर्षांपर्यंत काहीही देऊ शकतो, २१ भरलं तर दहा. म्हणजे मोकळीक गेली कुठे? जजकडून काढून घेतली आणि हवालदाराच्या हातात दिली, ती पण कुणी कारण न विचारता.

अनघा_क:
वकीलसाहेब, गांजाचं पटलं, पण किमान शिक्षा का आली तेही सांगा की. मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला त्या प्रकरणानंतर बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून १९८३ ला बलात्काराला किमान सात वर्षं आली. पण त्यातच पळवाट ठेवली होती, 'पुरेशी आणि खास कारणं' लिहून जज सातच्या खाली जाऊ शकत होते. मग कारणं काय निघायची? आरोपी तरुण आहे, घटनेला बरीच वर्षं झाली, मुलीचं लग्न होऊन ती संसाराला लागलीय. २०११ ला तर खुद्द सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या एका सामूहिक बलात्काराच्या केसमध्ये तडजोड झाली म्हणून साडेतीन वर्षं भोगलेत तेवढे पुरे केले. शेवटी २०१३ ला ती पळवाट काढूनच टाकली. मोकळीक दिली की तिचा फायदा कुणाला होतो हे बाईला विचारा.

रिकामटेकडा:
मोकळीक म्हणे 😂 पुण्यात कल्याणीनगरला पोराच्या गाडीखाली दोन जीव गेले आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध!

तालुका_वकील:
@रिकामटेकडा, तो जामीन होता हो, शिक्षा नाही, आणि बाल न्याय मंडळाचा. प्रत्येक धाग्यात ते आणू नका.
@अनघाताई, तुमचं खरं आहे, ती कारणं वाचून मलाही संताप यायचा. पण पळवाट बुजवली त्याची दुसरी बाजू पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलगी अठराच्या आतली असेल आणि संबंध एकाहून जास्त वेळा आले किंवा ती गरोदर राहिली, की किमान वीस वर्षं. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या पोराबरोबर पळून गेली तरी वीस आणि नराधमाला पण वीसपासून पुढे. मे २०२५ ला पश्चिम बंगालच्या केसमध्ये, जिथे ती मुलगीच त्याला सोडवायला कर्ज काढून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, सुप्रीम कोर्टाला घटनेचं कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठीचा फक्त त्यांचाच खास अधिकार, वापरून सांगावं लागलं की दोषी आहे पण शिक्षा देत नाही. आमच्या सेशन कोर्टातल्या जजसाहेबांकडे १४२ नाही.

अनघा_क:
मग वयाचा फरक कायद्यात लिहा ना. संमतीचं प्रकरण वेगळं काढा. जजच्या दयेवर कशाला सोडायचं, उद्या तोच जज 'प्रेमसंबंध होते' म्हणून पन्नाशीच्या माणसालाही सोडेल.

एडिसनकर:
इकडे न्यू जर्सीत राहतो म्हणून सांगतो. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांसाठी १९८७ पासून शिक्षेचा तक्ता आहे, उभे ४३ स्तर, आडवे पूर्वीच्या गुन्ह्यांचे ६ रकाने, बोट ठेवा आणि महिने वाचा. २००५ ला सुप्रीम कोर्टाने तो बंधनकारक नाही, सल्ल्यापुरता म्हणून ठरवला. पण किमान शिक्षांचे कायदे तसेच राहिले, त्यामुळे सरकारी वकील म्हणतो गुन्हा कबूल कर नाहीतर मोठं कलम लावतो, आणि माणूस घाबरून कबूल करतो. हवालदाराचं जे वर म्हटलंय तेच, फक्त इकडे सुटातला माणूस.

टेंभुर्णीकर:
अहो पण मी तक्ता कुठे मागतोय? मी म्हणतोय पट्टा ठरवा, अमुक प्रकारात दोन ते तीन वर्षं, बाहेर जायचं तर जा पण कारण लिहा जे वरच्या कोर्टात तपासता येईल. मोकळीक राहते आणि हिशेबही राहतो. वकीलसाहेब, तुम्ही किमान शिक्षेवर बोलताय, माझा मुद्दा तो नाहीच. कार्टर रोडला ३०४ अ च धरा, तरी दोन वर्षांपैकी सहा महिने कशावरून आले? सात मेल्यावर पूर्ण दोन नाहीत तर किती मेल्यावर?

तालुका_वकील:
हे मान्य, पट्टा चालेल. पण शिक्षेची सुनावणी होते कशी ते बघितलंय का कधी? गुन्हा सिद्ध म्हणून जज सांगतात, आरोपीला विचारतात शिक्षेबद्दल काय म्हणायचंय, तो हात जोडतो, घरात कमावता मी एकटाच, आईवडील म्हातारे, पोरं लहान, दया करा. सरकारी वकील म्हणतात समाजात जरब बसली पाहिजे. पाच मिनिटं. बऱ्याचदा लगेच निकाल. माणूस कोण, कुठून आला, सुधारू शकतो का, कागदावर काही नसतं. पट्ट्याच्या आत वर जायचं का खाली हे जज ठरवणार कशावर?

जुना_वाचक:
फाशीच्या केसमध्ये आता मागवतात ना अहवाल. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या मनोज निकालापासून प्रोबेशन अधिकाऱ्याचा, तुरुंगातल्या वागणुकीचा, मानसिक तपासणीचा. आणि तिथेही मोकळीक कशी चालते ते आपल्याच राज्यात बघा, दरोडा-खुनाच्या एका केसमध्ये खालच्या कोर्टाची सहा जणांना फाशी, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी, आणि २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही निर्दोष, वर पाच-पाच लाख भरपाई द्या म्हणून सरकारला सांगितलं. भटक्या जमातीतली माणसं होती. तिथे पट्टा असता तरी काय झालं असतं?

टेंभुर्णीकर:
तिथे तपासच सडका होता, शिक्षेचा पट्टा काय करणार. पण तुम्ही म्हणता तो अहवाल चोरीमारीच्या, अपघाताच्या केसमध्येही का नको? शिक्षा तर तिथेच रोज होतात.

जुना_वाचक:
हवा ना. पण लिहिणार कोण? आधी तुमच्या जिल्ह्यात प्रोबेशन अधिकारी किती आहेत ते विचारून या.