चेंबर फुटला म्हणून इंजिन गेलं, तर इंजिनचे पैसे विमा कंपनीने द्यायचे की नाही?

घाटमाथा (धागाकर्ता)

गणपती करून चिपळूणहून कराडमार्गे पुण्याला परत येत होतो. कुंभार्ली घाट, रात्र, मुसळधार पाऊस. एका वळणावर डोंगरावरून आलेला दगड पडला होता आणि समोरून एसटी उतरत होती, त्यामुळे चुकवायला जागाच नव्हती. गाडीच्या पोटाला दणका बसला. त्या आंधळ्या वळणावर थांबलो असतो तर मागून येणारी गाडी अंगावर आली असती. म्हणून पहिल्या गिअरमध्ये रुंद जागा शोधत वर गेलो. ती जागा दिसायला आणि ऑईलचा लाल दिवा लागायला एकच गाठ पडली. इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. टॉर्च लावून पाहिलं तर चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑईलची टाकी, फुटला होता, खाली ऑईलचा थेंबही उरला नव्हता.

गॅरेजने क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा), बेअरिंग, एक कनेक्टिंग रॉड आणि मजुरी धरून १ लाख ८५ हजारांचं एस्टिमेट दिलं. विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने पास केलं ते चेंबर, गॅस्केट आणि खालचं कव्हर. ऑईल कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत मोडतं म्हणून तेही नाही. डेप्रिसिएशन (झिजेची वजावट) आणि हजार रुपये कंपल्सरी एक्सेस (मालकाने स्वतः सोसायची रक्कम) वजा जाता हातात येणार आठ-नऊ हजार. इंजिनबद्दल पत्रात एकच ओळ आहे: 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस, पॉलिसीतून वगळलेले.' म्हणजे मूळ नुकसानीच्या परिणामातून पुढे झालेलं नुकसान.

माझं म्हणणं सरळ आहे. दगड लागला नसता तर चेंबर फुटला नसता, चेंबर फुटला नसता तर ऑईल गेलं नसतं आणि इंजिन जाम झालं नसतं. हा एकच अपघात आहे. त्याचे दोन तुकडे करून स्वस्त तुकडा कंपनीने घ्यायचा आणि महाग तुकडा माझ्या गळ्यात मारायचा, हा न्याय नाही. तुमची मतं सांगा, विरोधातलीसुद्धा.

निवृत्त सर्व्हेअर

विरोधातलं मत माझं आहे, आणि ते कंपनीची बाजू घ्यायची म्हणून नाही. मी तीस वर्षं फुटलेले चेंबर पाहिलेत.

तुमच्या पॉलिसीच्या मागच्या पानांवर अटी असतात, त्यातली चौथी वाचा. ही वाक्यं २००२ च्या इंडिया मोटार टॅरिफमधली आहेत आणि बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत अजून तशीच सापडतात. गाडीचं नुकसान टळावं म्हणून मालकाने शक्य ती काळजी घ्यायची, आणि अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्यामुळे वाढलेलं नुकसान सर्वस्वी मालकाच्या जोखमीवर, असा त्या अटीचा अर्थ आहे. 'माहीत असून चालवली तर' असं तिथे लिहिलेलं नाही. चालवली, एवढंच पुरेसं आहे.

दगडाने चेंबर फोडला. इंजिन मात्र ऑईलशिवाय फिरवल्यामुळे गेलं. दणका बसल्याक्षणी किल्ली बंद केली असती तर आज तुमचा खर्च चेंबर बदलून नवीन ऑईल टाकण्याएवढाच होता. मधे गाडी पुढे नेण्याचा निर्णय आला आणि तिथेच साखळी तुटली. क्लेम फॉर्मवर तुम्ही स्वतः काय लिहिलंय, तेही इथे सांगा. बहुतेक प्रकरणांचा निकाल त्या चार ओळींतच लागलेला असतो.

घाटमाथा

फॉर्मवर जसंच्या तसं हे लिहिलंय: 'खालून मोठा आवाज आला. वळण धोक्याचे असल्याने सुरक्षित जागेपर्यंत सावकाश गेलो. लाल दिवा लागताच इंजिन बंद पडले.' यातलं एकही अक्षर मी बदलणार नाही, कारण घडलं ते हेच.

साहेब, तुम्ही म्हणता किल्ली बंद करायची. पावसात, रात्री, घाटातल्या वळणावर, मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं असताना? किल्ली बंद केली की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर जातो. चढावर गाडी मागे घसरली असती तर तुम्हीच लिहिलं असतं की चालकाने हयगय केली. 'शक्य ती काळजी' म्हणजे आधी माणसांची काळजी.

गॅरेज, पोफळी नाका

घाटाच्या पायथ्याला माझं गॅरेज आहे. पावसाळ्यात फुटलेले चेंबर घेऊन येणारे कायम असतात, म्हणून दोन शब्द.

तो लाल दिवा ऑईल किती उरलंय हे सांगत नाही, प्रेशर पडलं की लागतो. चेंबरला बारीक चीर गेली असेल तर ऑईल हळूहळू जातं, दिवा लागल्यावर चालकाला थोडा वेळ मिळतो. पण चेंबर तळापासून फाटला असेल तर ऑईल भसकन जातं आणि पंप हवा ओढायला लागतो. मग दिवा लागणं आणि बेअरिंग धरणं यात फार अंतर राहत नाही, त्यात गाडी चढावर लोडमध्ये असेल तर विचारूच नका. म्हणजे चेंबर कसा फुटलाय यावरून चालकाला थांबायला वेळ होता की नव्हता हे बरंच कळतं.

आणि उघडलेलं इंजिनही बोलतं. थोडाच वेळ कोरडं फिरलेलं असेल तर बेअरिंगचे शेल (आतले अर्धगोल पातळ पत्रे) पुसलेले दिसतात, क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, चरे असतात. दिवा दिसत असतानाही दामटलेल्या गाडीत शेल फिरलेले, वितळून चिकटलेले, क्रँक निळा पडलेला, कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला. अशीही गिऱ्हाईकं येतात माझ्याकडे, कराडला जाऊनच बघू म्हणणारी. त्यांच्या बाजूने मी नाही बोलणार.

तुमचं इंजिन सर्व्हेअरसमोर उघडलं का? जुने शेल कुठे आहेत?

घाटमाथा

उघडलं ते सर्व्हेअर येऊन गेल्यानंतर. त्यांनी खालून चेंबरचे फोटो काढले आणि गेले. शेल गॅरेजमध्येच आहेत. फिरलेले नाहीत, पुसलेले आहेत. चेंबरला तळाला हाताचा पंजा जाईल एवढं भोक आहे.

हप्ता भरणारी

मी कंपनीची कुणी नाही, पण मला निवृत्त सर्व्हेअर काकांचं पटतंय. दरवर्षी रिन्यूअलला इंजिन प्रोटेक्ट या ॲड-ऑनचे, म्हणजे जादा कव्हरचे, वेगळे पैसे मी भरते. पुराच्या पाण्याने किंवा खालून मार लागून ऑईल गेल्याने इंजिन बिघडलं तर भरपाई, असंच त्या ॲड-ऑनमध्ये लिहिलेलं असतं. घाटमाथा, तुमच्यासमोरही तो पर्याय आला असणार आणि तुम्ही घेतला नसणार. आता तेच संरक्षण ते न घेताच मिळायला हवं म्हणत असाल, तर मी इतकी वर्षं भरलेले पैसे कशासाठी होते? न घेतलेल्या कव्हरचे पैसे कंपनी देत गेली तर शेवटी सगळ्यांचाच हप्ता वाढणार.

लोक ॲड-ऑन नीट समजून घेत नाहीत, हे मान्य. पण पर्याय होता.

घाटमाथा

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. पार्किंगमध्ये पाणी भरलं आणि सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन पकडलं, तर तिथे बाहेरून कुणी धडकलेलं नसतं. तो वाद खरोखर ॲड-ऑनचा आहे. माझ्या गाडीला बाहेरून मार लागलाय आणि अपघाताने बाहेरून झालेलं नुकसान मूळ पॉलिसीतच आहे. कंपनीने पुढे एक जादा कव्हर विकायला काढलं म्हणून मूळ कव्हर आपोआप आकसत नाही. दोन्हींत थोडा भाग सामाईक असेल, तर त्याचा फायदा हप्ता भरणाऱ्याला मिळावा.

निवृत्त सर्व्हेअर

मूळ कव्हर आकसत नाही, बरोबर. पण ते मुळात तेवढंच आहे, हे तुम्ही मान्य करत नाही. मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि परिणामी नुकसान मूळ पॉलिसीतून पहिल्यापासून वगळलेलं आहे. ॲड-ऑन आलं ते ही पोकळी भरायला.

मात्र गॅरेजवाल्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. इंजिन न उघडता इंजिनचा क्लेम नाकारला असेल तर ते काम अर्धवट आहे. मी असतो तर शेल पाहिल्याशिवाय रिपोर्ट लिहिला नसता.

ग्राहक मंच कार्यकर्ता

काका, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच या प्रकरणाचं मर्म आहे.

अपवादाच्या कलमावर बोट ठेवून क्लेम नाकारायचा असेल, तर तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलंय, अलीकडे २०२३ मध्येही. सर्व्हेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा असतो, पण तो अंतिम शब्द नाही, हे २००९ मध्ये एका ट्रकच्या अपघाताच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलंय. आणि तिसरी गोष्ट माझ्या मते इथे सगळ्यात उपयोगाची: नकाराच्या पत्रात जे कारण दिलेलं नाही, ते कंपनीला नंतर सुनावणीत नव्याने काढता येत नाही. घाटमाथांच्या पत्रात फक्त 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' आहे. चौथ्या अटीचा, गाडी पुढे नेल्याचा उल्लेख नाही. काका इथे जो सगळ्यात भक्कम मुद्दा मांडताहेत, तो कंपनीने मांडलेलाच नाही.

चौथ्या अटीबद्दलही माझं मत वेगळं आहे. ती अट सुरू होते 'शक्य त्या काळजी'ने. पुढचं वाक्य त्यापासून तोडून वाचलं, तर हायवेच्या मधल्या लेनमध्ये ठोकर बसलेल्या माणसाने गाडी कडेला घेणंही 'दुरुस्तीविना चालवणं' ठरेल. असा अर्थ कुणाला अभिप्रेत असेल असं मला वाटत नाही. अर्थ दोन निघत असतील, तर पॉलिसीचा मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा.

आता करायचं काय. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा असतो. तुमच्या तारखा त्याच्याशी ताडून बघा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र पाठवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं सांभाळा.

हप्ता भरणारी

मग सरळ ग्राहक आयोगातच का जाऊ नये? तिथे मानसिक त्रासाची भरपाईही मिळते म्हणतात.

ग्राहक मंच कार्यकर्ता

जाता येतं. दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि हप्त्याची रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. लोकपालाचा निकाल पटला नाही तर नंतर आयोगात जाता येतं. आयोगात प्रकरण सुरू असताना मात्र लोकपाल ते हातात घेत नाही. आयोगात तारखा लांबतात, म्हणून मी आधी लोकपाल सुचवतो.

कोथरूडकर

मला हे सगळं लांबण लावणं पटत नाही. माझ्या भावाने बंपर आणि हेडलाइटच्या वजावटीवरून वर्षभर पत्रं लिहिली. प्लॅस्टिकला ५० टक्के वजावट पॉलिसीतच छापलेली होती, झीरो डेप (ही वजावट न करणारं जादा कव्हर) घेतलेलं नव्हतं, हाती काही लागलं नाही. तोवर गाडी गॅरेजमध्ये धूळ खात पडली आणि पार्किंगचे पैसे वेगळे. घाटमाथा, मिळताहेत ते घ्या, सही करा, गाडी रस्त्यावर आणा.

ग्राहक मंच कार्यकर्ता

भावाच्या प्रकरणात वजावटीचा तक्ता छापील होता, तिथे वादाला जागा नव्हती. इथे आहे. गाडी दुरुस्त करून घ्या हे बरोबर, अडवून ठेवू नका. पण 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (क्लेमचे पैसे मान्य असल्याच्या पावतीवर) नुसती सही करू नका. 'इंजिनच्या रकमेबाबत हक्क राखून' असं लिहून सही करा किंवा त्याच दिवशी तसा ईमेल पाठवा. काही न लिहिता सही केली की नंतर दबावाखाली केली हे सिद्ध करत बसावं लागतं.

गॅरेज, पोफळी नाका

आणि दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीला लेखी कळवा, की इंजिन उघडलेलं आहे, अमुक तारखेपर्यंत येऊन पाहा. कुणी आलं नाही तर शेल, क्रँक आणि चेंबर यांचे तारीख दिसेल असे फोटो काढा, गॅरेजकडून लेखी रिपोर्ट घ्या. जुने पार्ट सोडू नका. गॅरेजवाला 'भंगारात देतो' म्हणाला तरी गोणीत भरून घरी न्या.

घाटमाथा

ईमेल आत्ताच केला, रिपोर्टची प्रत आणि फेरतपासणी दोन्ही मागितलंय. शेल, क्रँक आणि चेंबर गॅरेजमध्ये वेगळे ठेवायला सांगितलेत.

निवृत्त सर्व्हेअर साहेब, एक प्रश्न राहिला. फेरतपासणीला दुसरा सर्व्हेअर आला, शेल नुसते पुसलेले निघाले, चेंबरचं भोक त्याने मोजलं. तरीही तुम्ही इंजिन नाकारलं असतंत का?

निवृत्त सर्व्हेअर

क्रँक आणि बेअरिंगचा पूर्ण क्लेम मी पास केला नसता, कारण अटीतले शब्द माझ्या दृष्टीने अजून तेच आहेत. पण भोकाचं माप, शेलचे फोटो आणि तुमचा जबाब एकमेकांशी जुळतात, दिवा लागल्यावर गाडी चालवल्याचा पुरावा नाही, असं रिपोर्टात स्वच्छ लिहिलं असतं. मग निर्णय कंपनीचा. तो रिपोर्ट लोकपालासमोर तुमच्याच कामाला आला असता, हेही मला माहीत आहे.