मानमोडीचा संशय आहे, उरलेल्या कोंबड्यांचे काय करावे?

परसदार_संगमेश्वर

नमस्कार. आम्ही संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहतो. आईने वर्षानुवर्षे राखलेल्या गावठी कोंबड्या आमच्याकडे १९ होत्या. दहा-बारा दिवसांपूर्वी आठवडा बाजारातून ३ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या आणि त्याच संध्याकाळी त्या घरच्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या. आठवडाभराने त्यांतली एक पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली सापडली. तिच्यासह चार दिवसांत ७ कोंबड्या गेल्या आहेत, ४ आजारी आहेत आणि ११ वरकरणी बऱ्या दिसतात.

विष्ठा हिरवट व पातळ आहे, काही कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, आणि परवा मिळालेल्या दोन अंड्यांची कवचे बोटाने दबत होती. एका जुन्या कोंबडीची मान पिळवटून आभाळाकडे वळली आहे. ती कणी टिपायला जाते, पण चोच प्रत्येक वेळी कणीच्या शेजारी जमिनीवर आपटते. आई तिला मांडीवर धरून चमच्याने पाणी पाजते.

वाडीतील जाणती माणसे ही मानमोडीच आहे असे सांगतात, आणि उरलेल्या कोंबड्या धडधाकट आहेत तोवर विकून मोकळे व्हा, असा सल्ला देतात. येत्या रविवारी वाडीची राखण (राखणदार देवाला कोंबडा देण्याचा विधी) आहे आणि तिच्यासाठी आमचे दोन कोंबडे मागितले गेले आहेत. दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पावडर दोन दिवस पाण्यातून दिली, तिचा काहीही उपयोग झालेला नाही. उरलेल्या ११ कोंबड्यांना आता लस टोचावी का? घरातली अंडी खावीत का? आणि कोंबडे राखणीला द्यावेत का? कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_पशुधन_अधिकारी

आपल्या आईंच्या कोंबड्या गेल्याचे वाचून वाईट वाटले. सर्वांत आधी एक विनंती करतो. एकही कोंबडी, कोंबडा, अंडे किंवा खुराड्यातील खत आज घराबाहेर जाऊ देऊ नका, राखणीलासुद्धा नाही. वाडीला कारण स्पष्ट सांगा आणि राखणीचा कोंबडा दुसऱ्या गावातून आणायला सांगा. मात्र तो आणणाऱ्याने आपल्या खळ्यात पाऊल ठेवू नये.

आपण वर्णन केलेली लक्षणे मानमोडीशी, म्हणजेच राणीखेत रोगाशी, बरीच जुळतात. या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा दिवस आणि फार तर पंधरा दिवस लागतात, त्यामुळे बाजारातील तलंगांबरोबर तो आला असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही नुसत्या लक्षणांवरून मी निदान करणार नाही, आणि आपणही करू नये. हिरवी हगवण कोंबड्यांच्या कॉलऱ्यातही होते, तर धापा, हगवण, वाकडी मान आणि झपाट्याने होणारी मर बर्ड फ्लूमध्येही दिसते. तुरा निळा-काळा पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताळलेले डाग दिसणे यांमुळे बर्ड फ्लूचा संशय बळावतो, पण ही चिन्हे नाहीत म्हणून बर्ड फ्लू नाही असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील कोंबड्यांमध्ये प्रथमच बर्ड फ्लू सिद्ध झाला. त्या वेळी मी शेजारच्या जिल्ह्यात नोकरीला होतो आणि त्याआधीचे कित्येक दिवस ‘राणीखेतच असेल’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले होते. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचाच असतो.

म्हणून आजच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. ही केवळ सोय नाही. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आल्यास मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या संबंधित अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि राणीखेत व बर्ड फ्लू हे दोन्ही रोग त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मेलेली कोंबडी घरी चिरून पाहू नका. नुकतीच मेलेली एखादी असेल तर हातमोजे आणि नाकातोंडाला रुमाल बांधून ती दोन पिशव्यांत घट्ट बांधा, बर्फात ठेवा आणि पशुवैद्य सांगतील तसे करा. नमुने औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभागाकडे, आणि बर्ड फ्लूचा संशय असल्यास भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे जातात.

बाकीच्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात, उकिरड्यावर किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नयेत. विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. आजारी ४ वेगळ्या डालग्यांखाली ठेवा. दाणापाणी आधी धडधाकट कोंबड्यांना आणि शेवटी आजाऱ्यांना द्या. चपला वेगळ्या ठेवा, हात साबणाने धुवा. राणीखेतचा विषाणू माणसाच्या डोळ्यांत गेल्यास डोळे लाल होऊन चुरचुरतात, त्यामुळे आजारी कोंबडी मांडीवर घेणे आईंनी सध्या थांबवावे, हे मला जड मनाने सांगावे लागत आहे.

लशीविषयी एवढेच सांगतो की ती निरोगी कोंबड्यांसाठी असते. आठ आठवड्यांनंतर पंखाखालच्या कातडीत टोचली जाणारी ‘आर-टू-बी’ ही जिवंत विषाणूची लस आहे. ज्या कोंबडीच्या अंगात रोग आधीच शिरला आहे तिला टोचल्याने ती वाचत नाही, आणि एकच सुई सर्वांना वापरली तर रोग तुम्हीच पुढे नेता. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. ते बंद करा, आणि ते दिलेल्या काळातील अंडी खाऊ नका.

कोंबडीपालन_पाटण

वरील प्रतिसादाला माझा अनुभव जोडते. चार वर्षांपूर्वी माझ्या खुराड्यात अशीच मर लागली तेव्हा ‘निदान एवढ्या तरी वाचतील’ या विचाराने मी ६ धडधाकट कोंबड्या थोरल्या बहिणीकडे पाठवल्या. दहाव्या दिवशी तिच्या ३० कोंबड्यांपैकी २६ मेलेल्या होत्या. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, पण अंडी विकून साठवलेल्या पैशांतून ती मुलीची फी भरत असे, हे मला माहीत होते. वरून चांगली दिसणारी कोंबडी रोग घेऊन फिरत असते, हे मी तेव्हा शिकले. दादा, कृपा करून विकू नका.

अनेकांना आणखी एक भीती असते की कळवले तर सरकार सगळ्याच कोंबड्या मारून टाकेल. सरसकट मारण्याची कारवाई बर्ड फ्लू सिद्ध झाल्यावर होते. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात एक किलोमीटरच्या परिघात ती झाली होती. अशा वेळी भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे उशिरा कळवणाऱ्याचेच नुकसान जास्त होते.

परसदार_संगमेश्वर

आपणा दोघांचे मनापासून आभार. त्याच दिवशी दवाखान्यात कळवले, डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि नमुने घेऊन गेले. अहवाल आला आहे. राणीखेत आहे, बर्ड फ्लू नाही. दरम्यान आणखी ९ कोंबड्या गेल्या आणि आता ६ उरल्या आहेत. मान वळलेली जुनी कोंबडी अजून जगली आहे, पण तिला स्वतःहून दाणा टिपता येत नाही. कोंबडे राखणीला दिले नाहीत. दोन घरे नाराज आहेत, पण आई स्वतः जाऊन त्यांना समजावून आली. नवीन पिल्ले केव्हा आणावीत, आणि लसीकरण कसे करावे?

निवृत्त_पशुधन_अधिकारी

आपण योग्य केले. वाचलेल्या कोंबड्याही काही काळ विष्ठेतून विषाणू सोडत असतात, म्हणून शेवटची मर थांबल्यावर निदान महिनाभर तरी नवीन पक्षी आणू नका आणि या ६ कोंबड्या कुणाला देऊ नका. खुराड्यातील जुना पेंढा व खत जाळून टाका, लाकूड धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, चुना मारा आणि दारे उघडी टाकून कडक ऊन लागू द्या.

पुढे पिल्लांना ५ ते ७ दिवसांच्या वयात लासोटा या राणीखेतच्या लशीचा थेंब, चार आठवड्यांनी पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, हा क्रम ठेवा. लासोटा पाण्यातून द्यायची असल्यास नळाचे क्लोरीन घातलेले पाणी वापरू नका, त्याने लस मरते. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. अडचण अशी की लशीची कुपी १०० किंवा अधिक मात्रांची असते आणि उघडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून १०-१५ कोंबड्यांसाठी ती कुणी फोडत नाही आणि सगळ्याच कोंबड्या लशीविना राहतात. नाराज झालेल्या त्या दोन घरांसह पूर्ण वाडीच्या कोंबड्या मोजा आणि दवाखान्याकडून एक सकाळ ठरवून घ्या. रात्री खुराडी बंद असतात, तेव्हा पहाटे दारे उघडण्याआधी टोचणी केल्यास एकही कोंबडी सुटत नाही. ज्या घरांत रोग शिरलेला नाही तिथून सुरुवात करा आणि आपल्या घरी शेवटी या.