मदत हवी आहे: माणूस आजारी होता, मस्टरवर मात्र हजर

मस्टरवाली: नमस्कार मंडळी. भवानी पेठेतल्या एका प्लायवूडच्या दुकानात हिशेब आणि हजेरी माझ्याकडे असते. दुकान आणि गोडाऊन मिळून २३ माणसं, सगळ्यांचा ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरतो.

गोडाऊनवरचा एक हेल्पर १२ ते २० सप्टेंबर डेंग्यूने अंथरुणावर होता. ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला आहे, आजारपणाच्या पैशांसाठी त्याने अर्जही केलाय. आता ईएसआय ऑफिसातून आम्हाला विचारणा आलीय: या तारखांना तो कामावर होता का, पगार दिला का?

गोची अशी की १२ आणि १३ला मस्टरवर 'पी' (हजर) आहे. सुपरवायझरने मांडला, "गरिबाचा पगार कशाला कापायचा" म्हणून. पुढचे ७ दिवस 'ए' (गैरहजर). शेठ म्हणतात, व्हाइटनर लाव आणि मोकळी हो. त्या पानावर आधीच एक व्हाइटनरचा ठिपका आहे, उजेडात धरला की खालचा 'पी' चक्क वाचता येतो! पानाखाली सही माझी असते. पगार अजून व्हायचाय. काय करू?

हिशेबनीस: व्हाइटनर बाजूला ठेवा. 'पी'वर एकच रेघ मारा, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी खरी नोंद, आजची तारीख, सही. सुपरवायझरकडून दोन ओळी लिहून घ्या.

तसंही आजारपणाच्या पहिल्या २ दिवसांचे पैसे ईएसआय सहसा देत नाही. राज्याच्या २०१७च्या दुकाने कायद्यात वर्षाला ८ सीएल (किरकोळ पगारी रजा) आहेत, तिमाहीला जमा होतात. शिल्लक असतील तर त्याचा अर्ज घेऊन त्या २ दिवसांना लावा आणि उत्तरातही पगारी रजा असंच कळवा. बाकी ७ दिवस तुमचा पगार नाही, ईएसआयकडून रोजाच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के. एकाच दिवसाचे दोन्हीकडून मिळत नाहीत. ऑक्टोबर ते मार्चमध्ये त्याची ७८ दिवसांची वर्गणी भरली आहे ना, तेवढं बघा.

मस्टरवाली: भरली आहे, तो मागच्या गणपतीपासून आहे. सीएल २ शिल्लक. दाखल्याची झेरॉक्स मस्टरलाच टाचलीय, चालेल?

हिशेबनीस: काढा. मस्टर येणारा जाणारा चाळतो, कोणाला काय झालं ते तिथे कशाला? त्याच्या फाईलला लावा.

मस्टरवाली: काढली. सुपरवायझरने लिहून दिलंय: "सदर कामगार आजारी असल्याने हजर होता." परत लिहायला बसवलंय.