मसाई मारा, ऑगस्ट: पहिले तीन दिवस कसे लावावेत?

कोथरूडची_मैना:
ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केनियाला निघतोय. आम्ही दोघं, सासू-सासरे (६६ आणि ७०) आणि दहा वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी. एजंटने दिलेला आराखडा असा: पहाटे नैरोबीत उतरून थेट नाकुरू, दुसऱ्या दिवशी नैवाशा (दोन्ही तळ्याकाठची ठिकाणं), मग मारात दोन रात्री, तिथून अंबोसेली. एकूण सहा रात्री. सासूबाईंना कंबरेचा त्रास आहे. उतरल्या दिवशीच निघावं का? माराला रस्त्याने जावं की विमानाने? आणि पहिल्या गेम ड्राइव्हला (प्राणी बघायच्या गाडीच्या फेरीला) लोकांचं नेमकं काय चुकतं?

रिफ्टव्हॅली:
हा आराखडा नकाशावर छान दिसतो, गाडीत नाही. मारा ते अंबोसेली हा एकच टप्पा नऊ-दहा तासांचा. अख्खा दिवस ट्रकांची पाठ बघण्यात जाईल. हत्ती मारातही भरपूर आहेत. अंबोसेलीला जायचं ते मागे किलिमांजारो दिसावा म्हणून, आणि तो बहुतेक वेळा सकाळ सरली की ढगात जातो. सहा रात्रींत नैरोबी एक, नैवाशा एक आणि उरलेल्या रात्री मारात, असं धरा. शेवटची रात्र विमानाच्या वेळेप्रमाणे नैरोबीत आणावी लागली तर आणा.

पहिला दिवस नैरोबीतच. मुंबईहून उड्डाण सहा तासांचं असलं तरी रात्रीची झोप गेलेली असते, आणि शहर साधारण १,७०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ज्येष्ठांना जिना चढताना धाप लागू शकते. हॉटेल मध्यवर्ती भागात न घेता करेन किंवा लांगाटा या उपनगरांत घ्या. शेल्ड्रिकचं अनाथ हत्तींच्या पिल्लांचं केंद्र आणि जिराफ सेंटर तिथून जवळ आहे. हत्तींची वेळ सकाळी ११ ते १२ एवढीच, आणि आगाऊ नोंदणी लागते. ऐनवेळी गेलात तर फाटकावरून परत यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी नैवाशा, सुमारे ९० किमी, दोन-अडीच तास. तिथे क्रेसेंट आयलंडवर पायी हिंडता येतं. जिराफ, झेब्रे आहेत, सिंह नाहीत, त्यामुळे मुलीला गाडीबाहेर पडून प्राणी बघता येतील. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या. तळ्याकाठच्या लॉजच्या हिरवळीवर रात्री पाणघोडे चरायला येतात. अंधार पडल्यावर जेवणघरापर्यंतसुद्धा पहारेकऱ्याला (तिथे ‘अस्कारी’ म्हणतात) बरोबर घेऊनच जायचं.

तिसऱ्या दिवशी माय माहिउ, नारोक करत मारा, साधारण पाच तास. नारोकला एटीएम, डिझेल आणि धड स्वच्छतागृह, तिन्ही उरकून घ्या. वाटेत ड्रायव्हर ‘क्युरिओ’ म्हणजे शोभेच्या वस्तूंच्या दुकानांवर थांबेल. स्वच्छतागृह वापरायला हरकत नाही, खरेदीची सक्ती नसते. घेतलंच काही तर सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करा.

आता खरा फटका. मसाई मारा राखीव क्षेत्राचं तिकीट २०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर माणशी २०० डॉलर आणि ९ ते १७ वयाला ५० डॉलर आहे (जानेवारी ते जून प्रौढांना १००). तुमच्या पाच जणांचं दिवसाला ८५० डॉलर. हे तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. कॅम्प गेटबाहेर असेल आणि तुम्ही चारला पोचून ‘आलोच आहोत तर एक चक्कर मारू’ म्हणालात, तर दोन तासांसाठी अख्ख्या दिवसाचे पैसे गेले. एजंट ‘पहिल्या संध्याकाळची ड्राइव्ह समाविष्ट’ असं मोठ्या अक्षरांत लिहितात ते हेच. ती संध्याकाळ कॅम्पवर घालवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला गेटवर उभे राहा. मुक्काम राखीव क्षेत्राच्या आत असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर पुढच्या दिवसाचं तिकीट लागतं. कोटेशनमध्ये किती दिवसांची तिकिटं धरली आहेत, हे आकड्यात लिहून घ्या.

तळेगाव_ते_तालेक:
वरच्या आराखड्याशी सहमत, फक्त कंबरेपुरता मतभेद. नारोक ते माराचं सेकेनानी गेट हा रस्ता आता डांबरी आहे, पण गेटच्या आत आणि तालेक गावाकडे खाचखळगेच. ड्रायव्हर लोक त्याला हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात, कंबर धरलेल्याला त्यात हसू येत नाही. निदान परतीला तरी विमान घ्या. ही छोटी विमानं मोठ्या विमानतळावरून नाही, नैरोबीच्याच विल्सन या छोट्या विमानतळावरून सुटतात. उड्डाण पाऊण तासाचं, वाटेत दुसऱ्या धावपट्टीवर थांबलं तर जास्त.

सामान माणशी १५ किलो, हातातलं धरून, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात शिरत नाही. बुकिंग करताना धावपट्टीचं नाव विचारा: कीकोरोक, ओल किओम्बो, मुसियारा, सेरेना. कॅम्प तालेकजवळ आणि तुम्ही उतरलात नदीपलीकडच्या सेरेनाला, तर उरलेला दिवस गाडीतच.

गाडी वर उघडणाऱ्या छताची लँड क्रूझरच घ्या. सफारी व्हॅन स्वस्त पडते, पण तिची खालची बाजू जमिनीला जवळ असते आणि पाऊस झाला की काळ्या मातीत रुतते. सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा. मागची रांग चाकांवर येते आणि सगळे दणके तिथेच लागतात. कंबरेच्या पट्ट्याबरोबर एक छोटी उशीही असू द्या.

डबलडोस:
कागद आणि औषधं, कारण ही कामं आत्ताच सुरू करायची आहेत.

पिवळ्या तापाची लस केनियात शिरताना भारतातून थेट येणाऱ्याला सहसा विचारत नाहीत. ती लागते भारतात परतताना. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच, मूळ पासपोर्ट दाखवून. टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात आणि मग ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढे या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, म्हणून सासू-सासऱ्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, केंद्रावर रांगेत उभं राहून नको. आणि डॉक्टरांचं सूटपत्र असलं तरी विलगीकरण टळेलच असं समजू नका. विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाला आधीच विचारा.

मलेरिया: प्रौढांना बहुधा डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल देतात. पहिलं परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं, दुसरं सात दिवस. डॉक्सी भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका भाजते. त्याने ऊनही जास्त लागतं. मुलीचा डोस वजनावर ठरतो.

केनियाला २०२४ पासून व्हिसा नाही, प्रवासाआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा परवाना) काढायचा, मुलीचाही वेगळा. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात, पत्ता नीट बघा.

दुर्बीणवाला:
गेम ड्राइव्हबद्दल.

पहिली चूक कपड्यांची. विषुववृत्त म्हणून लोक सुती टी-शर्टवर निघतात. ऑगस्टमध्ये पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास, त्यात उघड्या छतातून वारा. स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. दहानंतर एकेक उतरवत जायचं. गडद निळा आणि काळा रंग नको, त्से-त्से माश्या त्यावर येतात. लष्करी छाप्याचे कपडे अजिबात नकोत.

दुसरी चूक ड्रायव्हरांच्या रेडिओवरच्या खबरींमागे धावण्याची. बिबट्या दिसल्याची खबर आली की वीस गाड्या तिकडे सुटतात. मारात एका प्राण्यापाशी पाच गाड्या आणि २५ मीटर अंतर असा नियम आहे, गर्दीत तो मोडला जातो आणि दंड गाडीला होतो. पहिल्याच सकाळी गाइडला सांगा, ‘आम्हाला घाई नाही.’ एका चित्त्यापाशी तासभर थांबलात तर शिकार दिसण्याची शक्यता असते, कारण तो दिवसाउजेडी शिकार करतो. सिंह मात्र दहा ते चार लोळत पडलेला असतो.

फोटो काढताना इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनची थरथर लांब लेन्समध्ये उतरते. लेन्स टेकवायची कापडी पिशवी (बीन बॅग) रिकामी न्या, तिथे तांदूळ किंवा राजमा भरा. दहानंतर लांबचे फोटो धूसर आले तर लेन्सला दोष देऊ नका, तापलेल्या जमिनीवरची हवा हलते. ड्रोन घरी ठेवा, विमानतळावरच अडवतात.

कोथरूडची_मैना:
खूप मदत झाली. अंबोसेली काढून टाकायला सांगितलं. जेवणाचं आणि किरकोळ सामानाचं कुणी सांगेल का? मुलीला दुर्बीण कोणती?

रिफ्टव्हॅली:
जेवणाची चिंता नको. चपाती, न्देंगू (हे आपले मूगच), सुकुमा विकी ही पालेभाजी सगळीकडे मिळते. फक्त कॅम्पला आठवडाभर आधी लिहून कळवा आणि सकाळच्या पॅक ब्रेकफास्टचं वेगळं सांगा, नाहीतर डब्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं निघतं. चिवडा-लाडू डब्यात न्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. माणशी एक स्टीलची बाटली. तंबूत खाऊ उघडा ठेवू नका, माकडांना चेन उघडता येते. दोन सरकपट्ट्या छोट्या कडीने अडकवा. प्लग आपला चालत नाही, चौकोनी तीन पिनांचा लागतो. डॉलरच्या नोटा २००९ नंतर छापलेल्या, न फाटलेल्या. टिपसाठी सुटे वेगळे ठेवा.

आणि वेळ ठरवताना इंग्रजीत ठरवा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण घड्याळात सकाळचे सात.

दुर्बीणवाला:
मुलीला ८×३२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी घेऊ नका, हातात जड होते आणि चालत्या गाडीत चित्र स्थिर राहत नाही. मुख्य म्हणजे दोन न्या. एकीवरून भांडण होतं, आणि तेवढ्यात बिबट्या झाडावरून उतरून गेलेला असतो.