लातूरला सोडताना रडलो नाही, मग उत्तरकाशीला जाताना कामून?

अंबाजोगाईची बाई
विषय घरचा आहे, पण माझ्या एकटीच्या घरचा नसावा.

लेक चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. मे महिन्यात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स करायला चाललीय. फी तिनंच भरली, डॉक्टरचं सर्टिफिकेट तिनंच आणलं, मग आम्हाला सांगितलं. तेव्हापासून तिचे बाबा जेवताना टीव्हीचा आवाज वाढवून बसतात. सासूबाईंचं एकच पालुपद, लग्नाच्या पोरीनं बर्फात काय करायचं?

माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. दहावीचा निकाल लागला की याच पोरीला आम्ही लातूरला नेऊन सोडलं होतं. एका खोलीत चौघी, मेसचं पातळ वरण, पहाटे क्लास, रविवारी टेस्ट. ताप आला तरी टेस्ट बुडेल म्हणून घरी आणलं नाही. आख्ख्या गल्लीनं कौतुक केलं. सोळाव्या वर्षी कुणी म्हणलं नाही की लेकरू लहान आहे. आता ती कमावती आहे, तर म्हणे अजून अक्कल नाही. लेकरू दूर जाणं आपल्याला चांगलं सोसतं हो. फक्त ते आपण ठरवलेल्या गावाला गेलं पाहिजे.

कोरडवाहू, गेवराई
बाई, बोलता छान. पण लातूरच्या होस्टेलवर हिमकडा कोसळत नाही. तुम्ही ज्या संस्थेचं नाव घेतलं, तिचेच प्रशिक्षणार्थी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ताच. गेलेल्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात ती एव्हरेस्ट चढून आली होती, आणि इथं ती शिकवणारी होती. शिकवणारीच सुटली नाही तिथं शिकणाऱ्याचं काय? बापाला भीती वाटली तर तुम्ही म्हणणार त्याचा अहंकार दुखावला. दोन्ही एकच असतंय का?

अंबाजोगाईची बाई
दोन्ही एक नाही, हे मान्य. पण ही घटना मला लेकीनंच सांगितली, फॉर्म भरल्याच्या दिवशी. ती तुकडी अॅडव्हान्स कोर्सची होती, उंच शिखरावर निघालेली. बेसिकमध्ये आधी उत्तरकाशीजवळच्या टेखल्याच्या खडकावर दोर, गाठी, चढणं-उतरणं, मग डोकरानी हिमनदीवर बर्फात चालायला शिकवतात. 'ए' ग्रेड मिळाल्याशिवाय अॅडव्हान्सला घेत नाहीत. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाहीच. पण तिच्या बाबांनी मला हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलं?"

नांदेडकर काका
आमच्या टेसनवरून सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसणारी माणसं मी रोज बघतो. उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याला पन्नाशी-साठीतली मंडळी जातात. ते ठिकाण चार हजार मीटरच्या वर आहे. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटर, आणि त्या यात्रेची नोंदणी १३ ते ७० वयापर्यंत चालते. त्या वेळी आपण हार घालून, नारळ देऊन निरोप देतो. देवाचं नाव असलं की ऑक्सिजन जास्त मिळतो का तिथं? आमच्या शेजारच्यांनी पोराला ट्रेकला जाऊ दिलं नाही आणि त्याच उन्हाळ्यात गुडघे बांधून स्वतः यात्रेला गेले.

कोरडवाहू, गेवराई
काका, यात्रेत लंगर असतो, लष्कर असतं, दवाखाना असतो. आणि माणूस नवस फेडून घरी येतो. ही पोरं एकदा गेली की पुन्हा पुन्हा जातात. खरं दुखणं तिथं आहे.

परभणीची आई
कोरडवाहू भाऊ बरोबर बोलले. माझं ऐका. पोरगा मोटारसायकलवर लडाखला गेला. त्याचं प्रीपेड सिम तिकडं चाललं नाही. बाहेरचं प्रीपेड तिथं बंदच असतं, पोस्टपेड लागतं, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर मी किती देव पाण्यात ठेवले ते माझं मला ठाऊक. परत आला, नोकरी सोडली, आता हिमाचलातल्या स्पितीत एका मुक्कामघरी राहतो. पाहुण्यांना फिरवतो, स्वयंपाकाला हात लावतो. खूश आहे. ते बघून मीही खूश व्हावं असं सगळे मला शिकवतात.

मी नाही खूश. दिवाळीला करंज्या किती करायच्या तेच कळत नाही. त्यानं फोनवर लोकेशन चालू करून दिलं होतं, ते मी बंद करायला लावलं. तो निळा ठिपका हलला नाही की माझा जीव जायचा आणि हलला तरी जायचा. आता रविवारी संध्याकाळी त्यानं फोन करायचा, मधे मी करायचा नाही, असं ठरलंय. त्यानं मला बरं पडलं. पण "लेकरांना पंख द्या" वगैरे जे लिहितात ना, त्यांनी एकदा रिकाम्या घरात दोन माणसांचा भात लावून दाखवावा.

ऊसतोडीच्या घरचा
बोलू का नको बोलू करत होतो. माझे मायबाप दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, कधी सांगली, कधी कर्नाटक. पाच-सहा महिने मी आजीजवळ. आमच्याकडं लेकरं घर सोडत नव्हती, आईबाप सोडायचे. उन्हाळ्यात परत आले की माय मला ओळखू येते का ते बघायची. आम्ही कसं सोसलं हे कुणी इथं विचारलं नाही.

आता मी ग्रामसेवक आहे. पोरगी दौलताबादचा किल्ला, गौताळ्याचं जंगल, अंतूरचा किल्ला असं फिरत असते, हिमालयाचंही नाव काढते. माझी माय म्हणाली, "जाऊ दे, पोटासाठी नाही जायलीय ना?" मला तेवढं पुरलं. तुम्हाला पुरलंच पाहिजे असं नाही.

कोरडवाहू, गेवराई
तुमच्या आईला नमस्कार. पण माझं पाच एकर, विहीर आणि एकच पोरगं. ते महिना-महिना डोंगरात गेलं तर कापूस कोण वेचणार? साहेबलोकांना रजा टाकता येते. शेताला रजा नसते.

पुण्यातून वाचतोय
मूळचा जालन्याचा, ट्रेकला पोरं घेऊन जातो. काही गोष्टी सरळ सांगतो. निम्मी पोरं घरी "ऑफिसची ट्रिप" सांगून येतात. फॉर्मवर घरचा नंबर मागितला की मित्राचा देतात. हे चूक आहे, पण घरी खरं सांगितलं की महिनाभर रडारड होते, म्हणून लपवतात.

आईबापांनी "जाऊ नको" म्हणण्याऐवजी प्रश्न विचारावेत. कुठली संस्था? रोज किती उंचीवर मुक्काम? ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, मधे विश्रांतीचा दिवस हवा. विरळ हवेनं डोकं दुखून मळमळलं तर वर चढायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. पोराला याची उत्तरं येत नसतील तर खुशाल अडवा. आपल्या भागाचंच उदाहरण आहे. औरंगाबादच्या मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टचं शिखर जवळ आलेलं असताना हवामान बिघडलं म्हणून माघारी फिरल्या, २०१८ साली पुन्हा जाऊन चढल्या. तुमचं पोर माघारी फिरणारं आहे का, एवढंच बघा.

परभणीची आई
हे पटलं. पण माघारी म्हणजे कॅम्पपर्यंत. घरापर्यंत कुठं येतात?

नांदेडकर काका
ते उपग्रहावरून मेसेज पाठवायचं यंत्र मिळतं म्हणे, ते का देत नाही लेकरांना?

पुण्यातून वाचतोय
अजिबात देऊ नका. तसली यंत्रं परवानगीशिवाय आपल्याकडं वापरता येत नाहीत, पोलीस केस होते. त्यापेक्षा विमा बघा. साध्या अपघात विम्यात गिर्यारोहण बहुतेक वेळा वगळलेलं असतं. पॉलिसीच्या मागच्या पानावरचं बारीक अक्षर वाचा.

अंबाजोगाईची बाई
आमची पॉलिसी तिच्या बाबांच्या कपाटात आहे आणि किल्ली त्यांच्याकडं. आज मागते. त्या निमित्तानं टीव्ही तरी बंद होईल.

कोरडवाहू, गेवराई
वाचून झालं की इथं लिहा, काय वगळलंय ते. माझं मत बदललेलं नाही. पण पोरगं कालपासून गूगलवर उत्तरकाशी बघायलंय.