लेकराला अ‍ॅलर्जी आणि वरून सारखा निमोनिया: सेलूहून कुठं न्यावं?

सेलूकर

नमस्कार मंडळी. पोरगं अडीच वर्षांचं. दोन भानगडी एकदाच उभ्या राहिल्यात, म्हणून इथं विचारायलो.

पोळ्याच्या सुमारास शेजारच्या पोरीनं त्याला गुडदाणीचा (गूळ-शेंगदाण्याचा) तुकडा दिला. थोड्याच वेळात ओठ टरारून सुजले, अंगभर गांधी उठल्या, खोकताना छातीत शिट्टी वाजायली. गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. मांडीत इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी खेळायला लागलं.

दुसरं असं की वर्षाचं व्हायच्या आतच एकदा निमोनियात अ‍ॅडमिट झालं होतं, या पावसाळ्यात पुन्हा. कान तर सारखाच वाहतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की आठवड्यात ताप हजर.

मग एका लॅबवाल्यानं 'अ‍ॅलर्जी पॅनल' करून दिलं. एकूण आयजीई (म्हणे रक्तातली अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटिबॉडी) 780. गहू, दूध, तूरडाळ, वांगं, केळी, सगळं लाल रंगात. म्हणला, हे सगळं बंद. तेव्हापासून नुसता भात आन् मुगाचं वरण. पोरगं सुकायलंय. आई म्हणती दृष्ट काढा, मेहुणा म्हणतो इम्युनिटीचं सिरप आणा, आमचे डॉक्टर म्हणतात एकदा मुंबईला दाखवा. मुंबईत कुठं? कापूस वेचणीला आलाय, पुन्हा पुन्हा जाणं जमणार नाही.

केजची माय

दादा, आधी लेकराला पोळी द्या. खरंच सांगते. गहू, तूर, केळी हे पॅनल करायच्या आधी तो रोज खात होता ना? खाऊन काही झालं नव्हतं ना? मग कागदावर लाल आलं म्हणून ती अ‍ॅलर्जी होत नाही. दूध पचत होतं तर दुधाचंही तेच. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि आजच सुरू करा. एकूण आयजीई तर जंतांनी वाढतं, दम्यानं वाढतं, अंगावर खरजेसारखा एक्झिमा असला तरी वाढतं. त्या आकड्यावरून कोणता पदार्थ बाधतो ते कळत नाही. शेंगदाण्याचं मात्र खरं दिसतंय, कारण तिथं खाल्लं आणि लगेच झालं. तेवढं कडक बंद ठेवा. आपल्याकडं हेच अवघड, भाजीत कूट, चटणीत कूट, उपासाला तर सगळंच कूट. पाहुण्यांकडं गेलं की तोंड वाईट करून विचारावं लागतं, पण विचारायचं.

आता निमोनियाचं. माझ्या मते खरी काळजीची गोष्ट हीच आहे आणि ती अ‍ॅलर्जीच्या गोंधळात मागं पडायली. अ‍ॅलर्जीत शरीर नको तिथं भांडतं. सारखा निमोनिया होतो तिथं जंतूंशी भांडायची ताकदच जन्मापासून कमी आहे का, हे बघावं लागतं. एकाच लेकरात दोन्ही असू शकतं, नाहीतर दोन्ही वेगळ्या वाटेचं असू शकतं. सिरपानं यातलं काहीच कळत नाही, सुधारतही नाही.

माझ्या मुलाला एक्सएलए आहे. त्याच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयारच होत नाहीत. आमच्याकडं बाळदमा, कफप्रकृती, दात येताना असं होतं, सगळं ऐकून झालं. मुंबईत वाडिया हॉस्पिटलच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी बॅटरी घेतली, आ करायला लावलं आणि घशात इतका वेळ बघत बसल्या की पोरगं रडायला लागलं. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "टॉन्सिल दिसतात का तुम्हाला?" घशाच्या दोन्ही बाजू सपाट होत्या, या आजारात टॉन्सिल जवळपास नसतातच. मग विचारलं, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का. माझा थोरला भाऊ दोन वर्षांचा असताना छाती भरून गेला, मी त्याला पाहिलंही नाही. हा आजार आईकडून मुलाकडं जातो, मुलींना सहसा त्रास होत नाही. (सासरी यावरून जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.) तर दादा, तुमच्या मंडळींच्या माहेरची चौकशी करून जा.

कुठं जायचं ते सांगते. परळला बाई जेरबाई वाडिया हे लहान मुलांचं हॉस्पिटल आहे, 1929 पासूनचं. तिथं इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या आजारांचा, वेगळा विभाग आहे. जवळच केईएम हॉस्पिटल, आणि केईएमच्या आवारातल्या उंच इमारतीत तेराव्या मजल्यावर एनआयआयएच, म्हणजे आयसीएमआर या सरकारी संशोधन परिषदेची रक्त आणि प्रतिकारशक्तीवरची संस्था. मोठ्या तपासण्यांना ताजं रक्त लागतं, म्हणून लेकराला तिथं नेलेलंच बरं. वार आणि नंबरची वेळ मात्र आधी फोन करून विचारा.

पण उगं मुंबईला पळायच्या आधी परभणी नाहीतर संभाजीनगरला दोन साध्या तपासण्या करून घ्या. एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, त्यात पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे मोजलेले हवेत. दुसरी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडीचे प्रकार: आयजीजी, आयजीए, आयजीएम. रिपोर्टवर पुष्कळदा मोठ्या माणसांची रेंज छापलेली असते, बाळाची वयाप्रमाणं वेगळी असते, म्हणून तो लहान मुलांच्या डॉक्टरांकडूनच वाचून घ्या. आणि नमुना देण्याआधी कुणी आयव्हीआयजी (दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून) चढवायचं म्हणालं तर आधी रक्त काढून ठेवायला सांगा. नाहीतर दुसऱ्याच्या अँटिबॉडी रिपोर्टात दिसतात.

कागद सगळे न्या. मी शाळेच्या शंभर पानी वहीत ताप कधी आला, कोणतं औषध, किती दिवस, असं लिहिलं होतं. बाईंनी माझं बोलणं अर्ध्यात थांबवलं आणि वहीच वाचत बसल्या. एक्स-रेची फिल्मही न्या, नुसता रिपोर्ट नको.

लस स्वतःच्या मनानं बंद करू नका. फक्त तपास होईपर्यंत पोलिओचे थेंब, एमआर (गोवर-रुबेला) अशा जिवंत लशींचं डॉक्टरांना विचारून करा. बीसीजीची (क्षयाच्या लशीची) जागा किंवा काखेतली गाठ पिकली होती का तेही सांगा, ते हमखास विचारतात.

आमचं आता दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी असतं, अंबाजोगाईतच. किलोमागं 400 ते 600 मिलिग्रॅम, म्हणजे 15 किलोच्या पोराला 6 ते 9 ग्रॅम. जन्मभराचं आहे. पण पोरगं शाळेत जातं, पावसात भिजून येतं आणि मी आता त्याला रागावत नाही.

लातूरचा दुकानदार

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी मेडिकल चालवतो म्हणून फक्त शेंगदाण्याबद्दल. ओठ सुजणं आणि छातीत शिट्टी एकदम आली तर त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तुमच्या दवाखान्यात दिलं ते बहुतेक हेच. लोक सेट्रिझिनचं सिरप पाजून वाट बघतात. त्यानं गांधी बसतात, श्वास मोकळा होत नाही. परदेशात पेनासारखं भरलेलं इंजेक्शन मिळतं, आपल्याकडच्या दुकानात ते सहसा नसतं. 1 मिलिलिटरचा अँप्युल मिळतो, त्यात 1 मिलिग्रॅम. डोस किलोमागं 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 12 किलोच्या बाळाला 0.12 मिलिलिटर, इन्सुलिनच्या सिरिंजनं नव्हे, 1 मिलिलिटरच्या साध्या सिरिंजनं. पण हे इथं वाचून करायचं नाही. वजनावर डॉक्टरांकडून लिहून घ्या, सिस्टरांकडून भरायला शिका, अँप्युल आणि सिरिंज एका डबीत ठेवा. डबी उन्हात गाडीच्या डिकीत नको, आपल्याकडचा मे तुम्हाला माहीतच आहे. टोचल्यावरही दवाखाना गाठायचाच, कारण काही तासांनी पुन्हा उठू शकतं.

सेलूकर

ताई, दादा, उपकार झाले. कालच पोळी आणि केळी दिली, डॉक्टरही हो म्हणाले. काही झालं नाही, उलट दुसरी मागितली. सासूबाईंना फोन केला, त्यांच्याकडं असं कुणी गेलेलं नाही म्हणतात. इम्युनोग्लोब्युलिनला उद्या परभणीला रक्त द्यायचंय. एक विचारायचं राहिलं: मुंबईत शेंगदाण्याची टोचून करतात ती टेस्ट त्याच फेरीत होईल का? आणि गाडी कोणती बरी?

केजची माय

आम्ही ट्रॅव्हल्सनं जातो, तुमच्या गाड्यांचं दुसरे सांगतील. टेस्टचं फोनवरच विचारून ठेवा.

परतूरचा काका

सेलूहून देवगिरी धरा. रात्रभर झोपून सकाळी दादरला उतरता येतं, तिथून परळ टॅक्सीनं जवळ. लेकरू आजारी असताना जनरलनं जाऊ नका, तिकीट आधी काढा. चढताना खाऱ्या शेंगदाणेवाल्यापासून लांब बसा.

लातूरचा दुकानदार

टोचायच्या टेस्टआधी सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, सर्दीच्या सिरपातलं क्लोरफेनिरामिन, हे सगळं साधारण आठवडाभर बंद लागतं. नाहीतर अ‍ॅलर्जी असून टेस्ट निगेटिव्ह येते आणि फेरी वाया जाते. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, सर्दीच्या बहुतेक सिरपांत असतंच. पण त्या आठवड्यात अंगावर उठलं किंवा दम लागला तर टेस्ट गेली खड्ड्यात, औषध द्यायचं. दम्याचा पंप चालू असेल तर तो बंद करू नका.